चार नंबरचा आवाज

घरात तो बोलायला लागला की बायको हातातलं काम बाजूला ठेवून म्हणायची, "अहो, मी इथं समोर बसलेय. पलीकडच्या गल्लीला सांगताय का?" मग तो ओशाळायचा, आवाज खाली आणायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा पहिल्यासारखाच गरजायचा. त्याचाही नाइलाज होता. ज्याचं अर्धं आयुष्य कागदाच्या कारखान्यात मशीनशेजारी उभं राहून गेलंय, त्याला हळू बोलणं आणि गप्प बसणं यात फारसा फरक वाटत नाही. तिथं सगळेच मोठ्याने बोलत. पण याच्या आवाजाची जातच वेगळी होती. तो छातीतून निघायचा, शेडच्या पत्र्याला जाऊन धडकायचा आणि परत यायचा. म्हणून सगळे त्याला 'तोफ' म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं.

हा आवाज नुसता थट्टेचा विषय नव्हता. त्या शेडमध्ये माणसं आवाजाच्या भरवशावर जगत होती, आणि हे नीट सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

कागदाच्या मशीनच्या एका टोकाला पाण्यासारखा पातळ लगदा असतो आणि दुसऱ्या टोकाला कोरडा कागद. मधे वाफेने तापलेले, माणसापेक्षा उंच रूळ एकापुढे एक उभे असतात. कागद तुटला, किंवा साफसफाई काढली, की मशीन थांबवून माणसं त्या रुळांच्या मधे शिरायची. बटणापाशी उभ्या असलेल्या फोरमनला तिथून पलीकडचं टोक दिसत नसे. फार पूर्वी, तोफ कामाला लागण्याच्याही आधी, एक माणूस आत असताना मशीन सुरू झालं होतं. त्याबद्दल शेडमध्ये कोणी बोलत नसे. पण तेव्हापासून एक रीत पडली होती. सुरू करण्याआधी फोरमन एकेका जागेला हाक मारायचा. "एक नंबर?" तिकडून यायचं, "मोकळं!" "दोन नंबर?" "मोकळं!" असं शेवटपर्यंत. एखाद्या जागेवरून उत्तर आलं नाही, तर बटणाला हात लावायचा नाही. फोरमनने स्वतः चालत तिथवर जायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा आणि विचारायचं, काय झालं बाबा? मग समोर मॅनेजर घड्याळ बघत उभा असला तरी बेहत्तर. माणूस गप्प आहे म्हणजे त्याची 'नाही' आहे. याच्यात समजावण्यासारखं काही नव्हतं. नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी हे सांगायचे आणि तो म्हातारा होईपर्यंत पुन्हा सांगायची वेळ येत नसे.

चार नंबरची जागा सगळ्यात अडचणीची, रुळांच्या अगदी मधोमध. ती तोफेची. त्याचा धाकटा भाऊ कामाला लागला तेव्हा त्याने त्याला आपल्याच हाताखाली घेतलं. वडील लवकर गेलेले, त्यामुळे धाकट्याला शाळेत घालण्यापासून त्याचं लग्न लावून देईपर्यंत सगळं थोरल्यानेच केलेलं. दोघांची बिऱ्हाडं एकाच घरात, थोरल्याचं खाली आणि धाकट्याचं वर. सकाळी जिन्याखालून तोफ गरजायचा, "निघालो रे!" आणि वरून उत्तर यायचं, "आलो, दादा!" धाकट्याची बायको हसून म्हणायची, "भाऊजी, आमच्या घरात घड्याळाची गरजच नाही." धाकटा स्वभावाने मऊ. कुठलाही प्रश्न आला की त्याचं एकच उत्तर ठरलेलं, दादा म्हणेल तसं.

मग कंपनीच्या संचालक मंडळावर कामगारांचा एक माणूस घ्यायचं ठरलं. नवा नियम होता म्हणे. मंडळावर बाकीचे सगळे शिकलेले, कोणी बँकेतून आलेला, कोणी वकील, कोणी दुसऱ्याच कंपनीचा मोठा अधिकारी. त्यांच्यात आपला कोण बसवायचा यावर शेडमध्ये बराच खल झाला. शेवटी क्रेनवाला म्हणाला, "शिकलेला पाठवाल तर तो महिन्याभरात त्यांच्यासारखाच बोलायला लागेल. तोफेला पाठवा. निदान ऐकू तरी जाईल." सगळे खो खो हसले आणि हसता हसता सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. त्याला दिवसपाळीचं हलकं काम मिळालं आणि चार नंबरवर धाकटा उभा राहिला.

मंडळाच्या खोलीत गालिचा होता, पाऊल टाकलं तरी आवाज न करणारा. खुर्च्या आपोआप फिरायच्या, त्यामुळे पहिल्या बैठकीत तो टेबलाऐवजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. स्वतःची ओळख करून द्यायला त्याने तोंड उघडलं आणि शेजारच्या वकीलबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. अध्यक्ष हसले. "इथं मशीन नाहीये," ते म्हणाले. "सावकाश बोला, आम्ही ऐकतोय." हे अध्यक्ष वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर ही गोष्ट सांगायला मला सोपी गेली असती. ते उठून त्याला खुर्ची सरळ करून देत, घरच्यांची चौकशी करत, आणि त्याच्याशी बोलताना अवघड शब्द आला तर थांबून सोपा करून सांगत.

बैठकीची पद्धत अशी की अध्यक्ष एक विषय वाचायचे, थोडी चर्चा व्हायची, मग ते विचारायचे, "हरकत कोणाची?" एक श्वास थांबायचे आणि म्हणायचे, "पुढे जाऊ." बाकीचे समोरच्या कागदांत डोकं घालून बसलेले असायचे. फक्त तोफ तेवढा त्या एका श्वासात, माझ्याकडून चालेल अशा अर्थाने, खणखणीत आवाजात म्हणायचा, "हो!" कंपनीच्या सेक्रेटरीबाई ओठ दाबून हसायच्या. दोन-चार बैठकांनंतर तर अध्यक्षच गमतीने त्याच्याकडे बघून त्याच्या 'हो'ची वाट बघायला लागले. त्याला वाटे, रीत तीच आहे. बाकीचे समोर बसलेत, मान हलवलेली अध्यक्षांना दिसते. आपण आपलं आवाजाने सांगावं. इथली रीत वेगळी आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून पहिल्याच दिवशी वदवून घेतली होती, ती म्हणजे इथलं बोलणं इथंच राहील. तो शब्द त्याने पाळला. बायकोने खोदून खोदून विचारलं तरी तिला खुर्च्या, गालिचा आणि बिस्किटं यापलीकडे काही कळलं नाही.

त्या दिवशीचा विषय लांबलचक शब्दांत लिहिलेला होता. अध्यक्षांनी तो सोपा करून सांगितला. मशीन बंद करायचं. जागा विकायची. कागद बाहेरून आणायचा आणि त्यावर आपला शिक्का मारून विकायचा. बँकेतून आलेल्या संचालकाने आकडे दाखवले. अध्यक्ष म्हणाले, "मलाही हे आवडत नाही. पण आपले मोठे भागधारक म्हणजे पेन्शनचे फंड आहेत. हजारो म्हाताऱ्या माणसांची पुंजी त्यात आहे. आपल्याला त्यांनाही उत्तर द्यावं लागतं." त्या म्हाताऱ्यांचं तोफेला वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि आपल्या कामगारांची दोनशे घरं? त्याला बोलायचं होतं. पण त्या गालिच्यावर आवाज हळू करण्याची सवय त्याने इतकी लावून घेतली होती की आता ऐन वेळी तो निघेचना. मग त्याला एकदम सुटल्यासारखं झालं. बोलायची गरजच काय? आवाज द्यायचा नाही, बस्स.

"हरकत कोणाची?"

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे, आणि ओठ घट्ट मिटले. अध्यक्षांनी त्याच्याकडे बघितलं. नेहमीच्या 'हो'ची वाट बघावी तशी वकीलबाईंनीही मान वळवली. खोलीत एवढी शांतता झाली की त्याला स्वतःच्या कानातली जुनी मशीनची घरघर ऐकू आली. आता ते विचारतील, त्याला वाटलं. आता म्हणतील, काय झालं बाबा?

"पुढे जाऊ," अध्यक्ष हळूच म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

विषय बाजूला पडला असं समजून तोफेच्या जिवात जीव आला. बैठक संपल्यावर अध्यक्षांनी दारापाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तुम्ही गप्प होतात. मी समजू शकतो." ते ऐकून तोफेला भरून आलं. बघा, त्याने मनाशी म्हटलं, शहाणा माणूस आहे, न बोलता समजला. घरी जाऊन तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

त्याच सुमारास धाकट्याला दुसऱ्या शहरातल्या छापखान्यातून बोलावणं आलं होतं. मोठा छापखाना, काम ओळखीचं, राहायला जागा. शेडमध्ये कुजबुज होतीच की कंपनीचं काही खरं नाही. एका संध्याकाळी तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. थोरला खाली चपला काढत होता.

"दादा, तू तिथं बसतोस. आतलं काही सांगू नकोस, मी विचारणार नाही. एवढंच सांग, जाऊ की थांबू?"

"थांब!" तोफ इतक्या जोरात म्हणाला की वरून धाकट्याची बायको दारात आली. "कुठं जातोस सगळं सोडून? काही होत नाही. मी आहे ना तिथं!"

"हिला पण हेच सांगत होतो मी," धाकटा हसला. दुसऱ्या दिवशी त्याने छापखान्याला नकार कळवून टाकला. त्यांनी लगेच दुसरा माणूस घेतला.

पुढच्या पंधरवड्यात मॅनेजरने सगळ्यांना आवारात गोळा केलं. हातातल्या कागदावरून त्याने वर बघितलंच नाही. भराभर वाचत गेला, आणि त्या वाचण्यात एक वाक्य आलं, की संचालक मंडळाने हा निर्णय एकमताने घेतला आहे. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतला एकजण वळला, त्याच्या मागचा वळला, आणि सगळी तोंडं तोफेकडे झाली. क्रेनवाला शेजारीच होता. "मूग गिळून बसलास होय तिथं?" तो म्हणाला. "अरे, तुला तर बोलायला पाठवला होता!" तोफ गर्दीत धाकट्याला शोधत होता. धाकटा खाली बघत, हातमोजा उलटा-सुलटा करत उभा होता.

घरी आल्यावर धाकट्याने जिन्यातच विचारलं, "तू होतास ना त्या दिवशी?"

"होतो."

"काय बोललास?"

"काही नाही बोललो. अरे, म्हणूनच तर..."

पण धाकटा वर निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोफ जिन्याखालून ओरडला, "निघालो रे!" वरून उत्तर आलं नाही. तो वाट बघत राहिला, मग एकटाच गेला.

पुढच्या बैठकीला तो खुर्चीवर बसलाच नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, आणि आज आवाजाला काही धरबंध नव्हता, "माझं मत हो कसं लिहिलं?"

सेक्रेटरीबाई गोंधळल्या. "हो असं नाही लिहिलं हो. कोणाची हरकत नव्हती, म्हणून एकमताने असं लिहितात."

"पण तुम्ही काही बोलला नाहीत," अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरोखरच उलगडा होत नव्हता.

"नाही बोललो, म्हणूनच तर सांगतोय! माझा आवाज आला नाही. आवाज आला नाही तर विचारायला नको होतं का? एकाने तरी उठून यायचं माझ्यापाशी. एवढंसं तर टेबल आहे!"

खोलीत कोणी हसलं नाही. वकीलबाईंनी मान खाली घातली. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली असेल. विचारायला हवं होतं. पण एक सांगू? तुम्ही नाही म्हणाला असतात तरी ठराव झालाच असता. बाकीचे सगळे बाजूने होते. फक्त तुमचं नाव वेगळं लिहिलं गेलं असतं."

अध्यक्षांनी धीर द्यायला म्हणून हे सांगितलं होतं. मशीन वाचलं नसतं हे तोफेला कळलं. दोनशे घरंही वाचली नसती. पण त्याला त्याच दिवशी कळलं असतं की मशीन बंद होणार आहे, आणि तोंडाला कितीही कुलूप असलं तरी त्याने धाकट्याला 'थांब' म्हटलं नसतं. वेगळं लिहिलेल्या त्या एका नावात त्याचा भाऊ होता. हे त्याला तिथं सांगता आलं नाही. त्याला नुसतं रडू आलं आणि सेक्रेटरीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

शेवटच्या दिवशी एकच रोल काढायचा होता. सकाळी साफसफाई झाली, माणसं आपापल्या जागी गेली. मॅनेजर आणि दोन पाहुणे दाराशी उभे होते. तोफही तिथंच कडेला, कारण त्याला आत जाववत नव्हतं. फोरमनने हाका मारायला सुरुवात केली. एक नंबर मोकळं. दोन नंबर मोकळं. तीन नंबर मोकळं.

"चार नंबर?"

उत्तर नाही.

"चार नंबर!"

फोरमनने बटणावरचा हात काढला आणि नेहमीसारखा चालत गेला. धाकटा रुळांच्या बाहेर, कठड्याला टेकून धडधाकट उभा होता. फोरमनने काहीतरी विचारलं, धाकट्याने मान हलवली नाही की तोंड उघडलं नाही. फोरमन थोडा वेळ त्याच्याजवळ थांबला. मग परत आला आणि हातमोजे काढून बटणाच्या पेटीवर ठेवले.

"काय झालं? सुरू करा ना," मॅनेजर म्हणाला.

"चार नंबरचा आवाज आला नाही, साहेब," फोरमन म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. ते मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. दाराशी उभ्या तोफेला अभिमान वाटला, आणि लगेच तितकीच लाजही वाटली. धाकटा त्याच्या शेजारून बाहेर गेला, बघितलं न बघितल्यासारखं करून.

कामगारच उरले नाहीत म्हटल्यावर मंडळावरची कामगारांची खुर्चीही गेली. तोफ घरी बसला. बोलणं त्याने जवळजवळ सोडलं. बायको आता उलट म्हणायची, "अहो, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." धाकट्याने जवळपास खूप ठिकाणी खेटे घातले. शेवटी कुठल्याशा लांबच्या गोदामात राखणदारी मिळाली, तीही ओळखीने. सामान न्यायला टेंपो आला तेव्हा कपाट, गाद्या, मुलीची सायकल, सगळं थोरल्याच्या दारासमोरून बाहेर गेलं. धाकट्याची बायको तोफेच्या पाया पडली, जावेच्या गळ्यात पडून रडली. मुलीने काकाला मिठी मारली. धाकटा पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

टेंपो हलला आणि तोफेला राहवलं नाही.

"थांबा!"

समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला. तोफ धापा टाकत धाकट्याच्या खिडकीपाशी गेला. काचेच्या कडेला धरून उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. शेवटी हळू आवाजात, त्याच्या मानाने अगदीच हळू, म्हणाला, "माझी 'नाही'च होती रे. मी गप्प बसलो ती 'नाही'च होती."

धाकट्याने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"ठाऊक आहे, दादा," तो म्हणाला. "त्यांच्यापुढं तू गप्प बसलास. मला 'थांब' म्हणालास, ते मात्र केवढ्यानं म्हणालास."

धाकट्याने तोंड समोर रस्त्याकडे वळवलं. ड्रायव्हरने आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"निघू ना?" त्याने विचारलं.

कोणीच काही बोललं नाही. त्याने क्षणभर वाट पाहिली आणि गिअर टाकला.